तीन मिनिटांच्या शास्त्रीय गाण्याची लय, पट्टी आणि भाव कसा ओळखायचा?

मुंबई-आग्रा महामार्गावरचं पिंपळगाव बसवंत म्हटलं की द्राक्षं, कांदा आणि टोमॅटोचा बाजार आठवतो. तिथून साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या नाशिकमध्ये २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेय विष्णू पलुसकर, म्हणजेच डी. व्ही. पलुसकर यांचा जन्म झाला. ग्वाल्हेर घराण्याचा हा गायक अवघ्या ३४ व्या वर्षी, २६ ऑक्टोबर १९५५ रोजी गेला. त्यांचं बरंचसं गाणं आज आपल्यापर्यंत पोहोचतं ते तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डमधून. इतक्या छोट्या गाण्यात राग, लय आणि भाव कसा बसतो, हे समजून घ्यायला या रेकॉर्डसारखा दुसरा धडा नाही.

तीनच मिनिटं का?

७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मैफलीत तासभर चालणारा ख्याल त्यात बसवणं सोपं नव्हतं. पलुसकरांची पहिली रेकॉर्ड १९४४ मध्ये निघाली. वडील पं. विष्णू दिगंबर पलुसकर १९३१ मध्ये गेल्यावर पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांच्याकडे त्यांची तालीम झाली होती. राग चटकन उभा करण्याची ग्वाल्हेरची शिस्त या छोट्या मापात कामी आली.

लय म्हणजे काय, ताल म्हणजे काय?

या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. ताल म्हणजे मात्रांचा साचा. त्रितालात १६ मात्रा, एकतालात १२, झपतालात १० आणि दादऱ्यात ६. लय म्हणजे त्या मात्रा किती वेगाने पडतात ते. विलंबित, मध्य आणि द्रुत या लयीच्या तीन ढोबळ पायऱ्या.

हिशेब करून पाहा. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. तीन मिनिटांत चार आवर्तनंही पुरी होत नाहीत. उलट, मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत त्रितालात एक आवर्तन पाच सेकंदांच्या आत संपतं आणि तीन मिनिटांत अशी ३७ आवर्तनं होतात. छोट्या रेकॉर्डमध्ये मध्य आणि द्रुत लयीच्या बंदिशी सोयीच्या का ठरल्या, हे यातून कळतं.

पट्टी म्हणजे राग नव्हे

‘गाणं कोणत्या पट्टीत आहे?’ याचा अर्थ गायकाचा षड्ज कुठे आहे. पेटीवरच्या भाषेत काळी एक, पांढरी दोन वगैरे. राग मात्र त्या षड्जापासून इतर स्वर किती अंतरावर आहेत आणि ते कोणत्या चालीने येतात यावर ठरतो. म्हणूनच एकच बंदीश पुरुष गायक काळी एकमध्ये आणि गायिका काळी पाचमध्ये गाते, तरी राग तोच राहतो.

पाश्चात्त्य संगीतातला ‘की’ हा शब्द या दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. ‘सी मेजर’मध्ये ‘सी’ म्हणजे षड्जाची जागा आणि ‘मेजर’ म्हणजे स्वरांची अंतरं. स्पेनच्या दक्षिणेकडच्या, अंदालुसियाच्या गाण्यांत फ्रिजियन नावाची स्वरपंक्ती वारंवार येते. तिच्यात रे, ग, ध आणि नी कोमल असतात. हाच आपला भैरवी थाट! स्वर तेच, पण ते फिरवण्याची रीत वेगळी. त्यामुळे स्पॅनिश गाणं भैरवीसारखं वाटूनही भैरवी होत नाही.

मग भाव कोण ठरवतं?

कोमल स्वर म्हणजे दुःख आणि द्रुत लय म्हणजे आनंद, हा समज अर्धवट आहे. स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया यांच्या १९१४ मधल्या सात लोकगीतांच्या संचात ‘नाना’ हे अंगाईगीत आहे. तिथली संथ लय बाळाला निजवण्यासाठी आहे, शोकासाठी नव्हे.

उलट उदाहरण ‘बैजू बावरा’ या १९५२ च्या चित्रपटात सापडतं. संगीतकार नौशाद यांनी दरबारातल्या सामन्यासाठी उस्ताद अमीर खाँ आणि डी. व्ही. पलुसकर यांना एकत्र गायला लावलं. राग देसी, आसावरी थाटातला. ग आणि नी कोमल असलेला हा राग एरवी गंभीर वाटतो. इथे मात्र संथ सुरुवातीनंतर लय चढत जाते, ताना समोरासमोर येतात आणि तोच राग आव्हानाचा होतो. म्हणजे राग, लय, शब्द आणि गायकाचा आवाज मिळून भाव तयार होतो.

मोबाइलवर ऐकताना एक सावधगिरी

जुनी रेकॉर्ड ७८ ऐवजी ८२-८३ फेऱ्यांनी फिरवून डिजिटल केली, तर वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. सूर अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंद आधी संपतं. राग बदलत नाही, पण आवाज कोवळा आणि लय घाईची वाटते. रील्समधल्या संथ केलेल्या गाण्यांत बहुतेकदा याच्या उलट होतं. त्यामुळे एकाच रेकॉर्डच्या दोन क्लिप वेगळ्या पट्टीत ऐकू आल्या, तर दोष गायकाला देऊ नये.

ऐकताना क्रम सोपा ठेवावा. आधी तानपुऱ्यातला षड्ज पकडावा, ती पट्टी. मग तबल्याची सम शोधून आवर्तनाला किती सेकंद लागतात ते मोजावं, ती लय. शेवटी कोणते स्वर पुन्हा पुन्हा येतात आणि गायक कुठे थांबतो ते पाहावं. रागाची ओळख तिथे होते, आणि भावही तिथूनच उलगडत जातो.