पोचपावती काय सिद्ध करते?

आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्याकडील जुना शब्दकोश ऑनलाइन विकला. पुडके पोचले, आणि 'आत रद्दी निघाली' अशी घेणाऱ्याची तक्रार आली. पैसे अडकले. विद्यार्थ्याजवळ टपालाची पावती होती, पोचल्याची नोंद होती. एवढे पुरेल असे त्याला वाटले. हा वाद नव्या काळाचा वाटतो खरा, परंतु आपल्या वाङ्मयव्यवहाराला तो फार जुना आहे.

हिंदुस्थानात १८७७ साली मूल्यदेय टपाल, म्हणजे आपली 'व्ही.पी.', सुरू झाली. आधी पैसे की आधी माल, हा दोन अनोळखी माणसांमधला पेच पोस्टमनने दारातच सोडवला. मराठी ग्रंथ आणि मासिके आडगावच्या वाचकापर्यंत गेली त्यात व्ही.पी.चा वाटा मोठा. आपले वाङ्मयेतिहासकार मात्र तिची दखल क्वचितच घेतात. व्ही.पी. परत न करण्याविषयी संपादकांच्या विनवण्या जुन्या अंकांत वारंवार भेटतात, कारण वाचकाने ती नाकारली की पाठवणीचा खर्च मासिकाच्याच माथी बसे.

वाचकाची बाजूही लंगडीच होती. पैसे मोजल्यावर पुडके हाती येई. आत काय आहे ते नंतर कळे. ही भीती कायदा करणाऱ्यांनाही होती. खरोखर मागणी आली आहे असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेणे आणि फसवणूक आढळल्यास वसूल रक्कम वाचकास परत देणे, यांसाठी नियम करण्याची सोय १८९८च्या टपाल कायद्यात आढळते. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने मात्र हरवलेल्या वा उशिरा पोचलेल्या टपालाच्या जबाबदारीतून सरकारला बव्हंशी मोकळे केले होते.

न्यायालयांचा कल पाकिटाच्या बाजूचा. योग्य पत्त्यावर रजिस्टर केलेला दस्तऐवज पोचला असे १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे सत्ताविसावे कलम गृहीत धरते. न पोचल्याचे सिद्ध करणे घेणाऱ्याकडे. नोटिशीपुरते हे ठीक आहे. शब्दकोशाचे काय? १८९८च्या कायद्याची जागा २०२३च्या कायद्याने घेतली, २०२५मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, सहीच्या जागी अनेकदा ओटीपी आला. पुरावा अजूनही वेष्टनाचाच.

विद्यार्थ्याच्या पावतीवर वजन छापलेले होते, ग्रॅममध्ये. आतल्या वस्तूविषयी तेवढीच काय ती साक्ष. रद्दीही तेवढ्याच वजनाची भरता येते, असे घेणाऱ्याने कळवले.