भरून घेतलेल्या कॅसेटी

नव्वदच्या दशकातल्या गाण्यांच्या आठवणी निघाल्या की यादी ठरलेली असते. बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' (१९९२), अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' (१९९५), मराठीत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' (१९९८). गाणी उत्तमच, त्यात वाद नाही. पण ही यादी घडवली केबल टीव्हीने. चॅनल व्ही १९९४ साली आलं ते शहरातल्या बैठकीच्या खोलीत. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या खेड्यांत त्या काळी वीजच बेभरवशाची होती आणि टेप सेलवर चालायचा. परभणी जिल्ह्याची त्या काळातली आवड कोणती, हे शोधायचं तर पडद्याकडे नव्हे, कॅसेटकडे पाहावं लागेल.

कॅसेटी येण्याआधी आवड दुसरेच ठरवत. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री केसकरांच्या कारभारात आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं, म्हणून लोक रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ला विविध भारती आली, तरी फर्माइशीचं कार्ड टाकून वाटच पाहावी लागे. परभणीचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र झालं, पण रेडिओवर गायचं तर स्वरचाचणी आलीच. तबकडी काढायची तर एचएमव्हीचा उंबरठा. १९८३मध्ये गुलशन कुमारांनी टी-सीरिज काढली, स्वस्त कॅसेटींचा पूर आला आणि ही मक्तेदारी मोडली. यातली खरी गंमत विकतच्या कॅसेटीपेक्षा 'भरून घेतलेल्या' कॅसेटीत होती. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन दुकानात येई. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. पाच मिनिटांचं गाणं धरलं तर सहाच बसणार. सातवं घातलं की कडव्यातच तुटणार. म्हणजे कोणतं ठेवायचं आणि कोणतं गाळायचं, हा हिशेब ऐकणाऱ्यालाच करावा लागे. दुकानदार आतल्या कार्डावर बॉलपेनने ती नावं लिहून देई. फर्माइशीच्या कार्डावर निवेदकाची मर्जी चाले, इथे ऐकणाऱ्याची.

अशा बाजारात ज्यांचं नाव खणखणीत वाजलं, ते शिंदे घराणं. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) कव्वालीतून पुढे आले आणि विठ्ठलाच्या गाण्यांनी घराघरात पोचले. त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांनी लोकगीतं, भीमगीतं आणि वरातीत वाजणारी गाणी एकाच दमात गायली. परभणीला हे मिश्रण परकं नव्हतं. इथे फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, आषाढीआधी शेगावची पालखी याच वाटेने गंगाखेडकडे जाते आणि १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, वस्त्यावस्त्यांत कर्णे लागतात. तिन्हींची गाणी कॅसेटवर मिळत, पुष्कळदा एकाच गळ्यातली.

आक्षेप असा येईल की भीमगीतं ही चळवळीची गाणी, त्यांना नव्वदच्या 'पॉप' गाण्यांच्या यादीत बसवणं म्हणजे त्यांचा अवमान. आक्षेप हलका नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नाव बदललं ते १४ जानेवारी १९९४ला. या सोळा वर्षांत लोककवी वामनदादा कर्डकांची भीमगीतं ऐकणं हा निव्वळ विरंगुळा नव्हता. तरीही ती बाजारात विकली गेली, त्यांच्यावर तरुण नाचले, ती चालींसकट पाठ झाली. लोकप्रिय म्हणायला याहून वेगळं काय लागतं? उलट, शहरी यादीत ती नाहीत, यात त्या यादीचाच तोकडेपणा दिसतो. दुसरा आक्षेप हिंदी गाण्यांचा. 'मैंने प्यार किया' (१९८९) आणि 'आशिकी' (१९९०) इथेही तुफान चालले, हे मान्यच. पण भरून घेतलेल्या कॅसेटीत त्यांच्या शेजारी भक्तिगीत किंवा कव्वाली घालायला कुणाची आडकाठी नव्हती.

हा धंदा बव्हंशी बेकायदा होता. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षा कडक झाल्या, तरी गल्लीतल्या दुकानाला त्याची फारशी धास्ती नव्हती. गायक-गीतकारांचं नुकसान झालं, ते झाकण्यात अर्थ नाही. पण बेकायदा म्हणूनच या व्यवहाराची नोंद कुठल्या कंपनीच्या खतावणीत सापडणार नाही. ती फक्त त्या हस्तलिखित कार्डांवर आहे. घरातल्या जुन्या कॅसेटी भंगारात घालणार असाल तर खुशाल घाला. आतली कार्डं मात्र आधी काढून ठेवा.