गाय, कवाड आणि जीन : गायकवाड घराण्याचा उगम

गणपतीतल्या प्रश्नमंजुषेत एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. गायकवाड हे नाव कसे पडले? आपल्या निजामपुऱ्यातली पोरे हात वर करतात आणि गोष्ट घडाघडा सांगून मोकळी होतात. मावळातल्या एका किल्ल्यावर नंदाजी नावाचा हवालदार होता. कसाई गाई हाकत नेत होता, तेव्हा नंदाजीने किल्ल्याचे लहान दार, म्हणजे कवाड, उघडून त्या गाई आत घेतल्या आणि वाचवल्या. गाय आणि कवाड, म्हणून गायकवाड. टाळ्या होतात, बक्षीस मिळते. मीही लहानपणी याच उत्तरावर एक पेन्सिल मिळवली आहे.

गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. हा नंदाजी पहिल्या दामाजींच्या आजा-पणजाच्या पिढीतला, म्हणजे सतराव्या शतकातला. गायकवाड हे आडनाव मात्र त्याच सुमारास महाराष्ट्रात दुसरीकडेही नांदत होते, आणि तेही मानाच्या घरांत. शिवाजी महाराजांच्या राण्यांपैकी सकवारबाई या माहेरच्या गायकवाड. आजही पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर, कुठेही जा, गायकवाड भेटतात. त्या सगळ्यांचे पूर्वज एकाच कवाडातून बाहेर पडले असे मानणे कठीण आहे. बडोद्याच्या घराण्याचे जुने आडनाव मंत्री किंवा मात्रे होते असेही सांगतात. म्हणजे आडनाव आधी होते आणि त्याचा अर्थ लावणारी गोष्ट मागाहून आली, असे मला वाटते.

यात कमीपणा काही नाही. युरोपातल्या राजघराण्यांनी तर याहून मोठे उद्योग केले आहेत. हाब्सबुर्ग घराण्याचे नाव स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ भागातल्या एका टेकडीवरच्या किल्ल्यावरून आले. हा किल्ला अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. ससाण्याचा किल्ला असा त्याच्या नावाचा अर्थ लावतात आणि गोष्टही सांगतात की राडबोट नावाच्या सरदाराचा हरवलेला ससाणा तिथे सापडला. त्यांचा ससाणा, आपली गाय! पण हाब्सबुर्ग तेवढ्यावर थांबले नाहीत. १३५८-५९ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या चौथ्या रुडॉल्फने आपल्या घराण्याचे हक्क सिद्ध करायला जुने कागद तयार करवले. त्यांत ज्युलियस सीझर आणि नीरो यांची पत्रेसुद्धा होती. रुडॉल्फचा सासरा चौथा कार्ल हा सम्राट होता. जावयाचे कागद पाहून त्याला शंका आली, त्याने ते इटलीतल्या पेट्रार्क या कवीकडे पाठवले आणि पेट्रार्कने ते खोटे ठरवले. पुढे १४५३ मध्ये हाब्सबुर्गांपैकीच तिसरा फ्रेडरिक सम्राट असताना त्याने हेच कागद मंजूर करून टाकले. घरचीच कचेरी, मग काय!

आपल्या घराण्याचा उगम मला कवाडापेक्षा दुसऱ्या ठिकाणी अधिक स्पष्ट दिसतो. तो राजांच्या पूर्ण किताबात आहे : सेना खास खेल, शमशेर बहादूर. जुन्या कागदांवर, सनदांवर हे शब्द आपण इतके पाहिले आहेत की त्यांचा अर्थ विचारायचे राहून जाते.

दोन्ही पदव्या चाकरीत मिळालेल्या आहेत. गायकवाडांचे गाव पुणे जिल्ह्यातले खेड तालुक्यातले दावडी. शेजारी निमगाव, तिथे खंडोबा. दावडीचे दामाजी तळेगावच्या खंडेराव दाभाडे सेनापतींच्या फौजेत गेले. १७२० मध्ये वऱ्हाडात बाळापूरला निजाम-उल्-मुल्काशी लढाई झाली. दाभाड्यांची फौज ज्या बाजूने लढली ती बाजू हरली. पण दामाजींनी शौर्य असे दाखवले की दाभाड्यांच्या शिफारशीवरून शाहू महाराजांनी त्यांना शमशेर बहादूर केले. निजामपुऱ्यात बसून हे लिहिताना मला जरा हसू येते : घराण्याची पहिली पदवी निजामाकडून हरलेल्या लढाईत मिळाली आहे. पुढच्याच वर्षी दामाजी वारले आणि त्यांची जागा पुतणे पिलाजी यांनी घेतली.

खरे राज्य उभे केले ते पिलाजींनी. तापीच्या खोऱ्यातल्या जंगलात सोनगडचा डोंगर त्यांनी धरला आणि तिथून सुरतेच्या मुलखात वसुली सुरू केली. राजधानी म्हणावी असे तिथे काय होते? एक किल्ला, घोडी आणि पावसाळा संपायची वाट पाहणारी माणसे. घराण्याचे बोधवाक्यही तेच सांगते : जीन घर, जीन तख्त. खोगीर हेच घर, तेच सिंहासन.

दुसरी पदवी मिळाली तीही पराभवानंतर. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ भिलापूरला बाजीराव पेशवे आणि त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली ही लढाई, आणि ती आपल्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर झाली, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. त्र्यंबकराव पडले. पिलाजी त्यांच्या बाजूने होते, त्यांचा एक मुलगाही तिथे पडला. शाहू महाराजांनी दाभाड्यांच्या लहान यशवंतरावाला सेनापती केले आणि त्याचे मुतालिक म्हणून कारभार पिलाजींकडे सोपवला. सेना खास खेल ही पदवी त्या वेळची. अल्पवयीन मालकाचा कारभारी पुढे स्वतःच राजा झाला, पण पदवी तशीच ठेवली. पेशवाई गेली, साताऱ्याची गादीही खालसा झाली, तरी १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत बडोद्याच्या कागदांवर साताऱ्याच्या चाकरीचे हे शब्द राहिले.

पुढचे थोडक्यात. १७३२ मध्ये डाकोरला मारवाडच्या अभयसिंहाची माणसे बोलणी करायला आली. कानात काही सांगायचे आहे असे भासवून त्यांतल्या एकाने पिलाजींवर कट्यार चालवली. बडोदे हातचे गेले. १७३४ मध्ये पिलाजींचे भाऊ महादजी यांनी ते परत घेतले, आणि मग ते गायकवाडांकडेच राहिले. दुसरे दामाजी पानिपतावर होते, तिथून परतले, पाटणला गेले आणि १७६८ मध्ये वारले.

वंशावळ म्हणजे नुसती शोभेची वस्तू नव्हे, हे १८७५ मध्ये कळले. मल्हारराव पदच्युत झाले, जमनाबाईंना दत्तक हवा होता, आणि पिलाजींचे एक चिरंजीव प्रतापराव यांच्या वंशजांचा शोध नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यापर्यंत गेला. शेतकऱ्याचे घर. काशीरावांचा बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तोच आपला सयाजीराव. प्रतापरावाची ही शाखा कोणी लक्षात ठेवली नसती, तर विद्यापीठ, ग्रंथालय, सक्तीचे शिक्षण, आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची नोकरी, यांचे काय झाले असते कोण जाणे.

आमच्या घरातही एक कवाड आहे. आजी सांगायची की आपला मूळ पुरुष पिलाजींच्या घोडदळात होता. मी जुनी ट्रंक काढली तेव्हा त्यात निघाला तो सयाजीरावांच्या काळातला कारकुनीचा नेमणूक-हुकूम, पगार लिहिलेला. आजीला मी तो वाचून दाखवला नाही. आता मात्र त्याला चौकट करून भिंतीवर लावला आहे.

डाकोरहून पिलाजींचा देह मही ओलांडून सावलीला आणला आणि तिथेच अंत्यविधी झाला. समा-सावली रस्ता आपल्या दारावरूनच जातो म्हणायला हरकत नाही. अनंत चतुर्दशी झाली की एखाद्या रविवारी सकाळी लवकर निघू. प्रश्नमंजुषेतली पोरेही बरोबर घेऊ.