घरोघरी १९२.१६८.१.१

आमच्या गोतावळ्यात कुणाचंही नेट बंद पडलं की फोन मला येतो. "मामा, आयपी काय टाकू?" हा ठरलेला प्रश्न. हल्ली बहुतेक वेळा काहीच टाकावं लागत नाही, ‘आपोआप घे’ या पर्यायावर टिचकी मारली की झालं. पण २०२०च्या लॉकडाऊनमध्ये भाच्याची वेगळीच पंचाईत झाली. घरून ऑफिसला व्हीपीएन जोडलं जायचं, पण ऑफिसचा फाइल सर्व्हर काही सापडेना. बघतो तर सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि घरच्या प्रिंटरचाही तोच! बिचारा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत होता. घरच्या राउटरचे आकडे बदलून १९२.१६८.३७ केले आणि काम भागलं. (३७ का? सहज. शेजारीपाजारी कुणी घेत नाही म्हणून.)

गंमत म्हणजे असं होणार हे १९९४ सालीच लेखी सांगून ठेवलेलं आहे.

इंटरनेटचा पत्ता म्हणजे मुळात ३२ बिटांचा एक आकडा. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात. त्यातल्या ७९१ क्रमांकाच्या आरएफसीत १९८१ साली हा पत्ता पक्का झाला आणि १ जानेवारी १९८३ला अमेरिकेतलं आर्पानेट त्यावर गेलं. एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. एवढे संपणार कधी, असंच वाटलं असावं, कारण वाटप अगदी सढळ हाताने झालं. जॉन पोस्टेल नावाचे दाढीवाले गृहस्थ ही वही सांभाळत. एमआयटी या एका विद्यापीठाला १८ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते मिळाले! खुद्द आर्पानेटचा क्रमांक होता १०.

प्रत्येक मशीनला जगात एकमेव पत्ता आणि कुठलंही मशीन कुठल्याहीशी थेट बोलणार, मध्ये कुणी नाही, ही मूळ कल्पना. नव्वदीत पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं. मोठ्या आकड्यांची नवी पद्धत यायला वेळ होता, म्हणून तात्पुरती सोय निघाली. मार्च १९९४च्या आरएफसी १५९७ने काही पत्ते बाजूला काढले. आतल्या आत ते कुणीही वापरावेत, विचारायची गरज नाही. आर्पानेट १९९०मध्ये बंद झाल्याने १० रिकामाच होता, तो घेतला. जोडीला १७२.१६ ते १७२.३१ आणि आपलं १९२.१६८. लगेच मे महिन्यात नॅट आलं.

नॅट म्हणजे चाळीचा रखवालदार समजा. खोली नंबर ५ प्रत्येक चाळीत असते. पत्र बाहेर जाताना रखवालदार त्यावर चाळीचा पत्ता घालतो, खोली वहीत टिपतो आणि उत्तर आलं की तिथे पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याला कुठल्या खोलीत धाडायचं, हे वहीत नसतं.

जुलैत एलियट लिअर आणि आणखी तिघांनी आरएफसी १६२७ लिहून याला विरोध केला. नेटवर्क १० घातक आहे, असं शीर्षकातच म्हटलं. आज संबंध नसलेली दोन नेटवर्कं उद्या जोडायची वेळ आली तर आकडे आदळतील, हा त्यांचा एक मुद्दा. भाच्याचंच उदाहरण की हे! फेब्रुवारी १९९६मध्ये सुधारलेला नियम आला, आरएफसी १९१८. त्याच्या लेखकांत हेच लिअर आहेत. ही तडजोड मला फार आवडते, का ते नीट सांगता येत नाही.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९३मध्ये, बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपी मांडलं. मशीनने पत्ता मागायचा, सर्व्हरने ठरावीक मुदतीसाठी द्यायचा. आकडे टाकायची कटकट गेली, तसा पत्ता बघायचा प्रसंगही गेला. राउटर कारखान्यातूनच ठरलेले आकडे घेऊन येऊ लागले.

३ फेब्रुवारी २०११ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले. मग पुरवठादारांनीही गिऱ्हाइकांना नॅटमागे बसवलं. एप्रिल २०१२मध्ये त्यासाठी १००.६४पासूनचे वेगळे पत्ते राखले गेले. म्हणजे चाळीतली चाळ.

आत्याच्या सांगलीच्या घरी तेच झालं आहे. दारावरचा कॅमेरा मला पुण्याहून थेट उघडता येत नाही. केबलवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी घ्या, महिन्याला वेगळे पैसे. तोवर आत्याच्या ओसरीचं चित्र आधी कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून माझ्या फोनवर. कोण येतं, कोण जातं, सगळं. आत्याला याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

फोनचं बरं आहे. २०१६ साली जिओ आलं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि त्यात आज भारत आघाडीच्या देशांत आहे. आत्याच्या राउटरमध्येही तो पर्याय दिसतो. पुढच्या फेरीत चालू करून बघणार आहे. केबलवाला देत असेल आणि कॅमेऱ्याला झेपलं तर.