कलाल : एका जुन्या शब्दाची कहाणी



आपण वंदनेला पंचशील म्हणतो. पाचवं शील मद्य न पिण्याचं. पण मद्य विकणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, कलाल.

हा शब्द संस्कृत ‘कल्यपाल’ वरून आला. कल्य म्हणजे मद्य आणि पाल म्हणजे सांभाळणारा. विदर्भातला कलार, उत्तरेतला कलवार हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे मुळात हे धंद्याचं नाव! पुढे तेच जातीचं नाव झालं. बाप कलाल म्हणून मुलगाही कलाल, मग तो शेती करो की मास्तरकी.

दुसरा जुना शब्द शौण्डिक. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांच्या घरचं अन्न खाऊ नये अशांची यादी आहे, तिच्यात हा शौण्डिक आहे. धंद्याचा दोष असा ताटापर्यंत नेला. गंमत पहा, कल्हणाच्या राजतरंगिणीत काश्मीरच्या एका राजाची आई जयादेवी ही कल्यपालाची मुलगी. तिच्या भावाचा, उत्पलाचा नातू अवंतिवर्मा नवव्या शतकात राजा झाला आणि मोठा राजा म्हणून गाजला. मग जन्माने काय ठरलं?

पालीत याच माणसाला सोण्डिक म्हणतात. जातककथेत तर अनाथपिंडिकाचा एक मित्रच दारूविक्रेता आहे. म्हणजे त्याला वाळीत टाकलेलं नव्हतं. मात्र अंगुत्तर निकायात भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. फरक लक्षात घ्या. मनूने माणूस दूर ठेवला, तथागतांनी धंदा सोडायला सांगितला. धंदा उद्या सोडता येतो, जन्म कसा सोडणार?

आता ‘गुत्ता’ हा शब्द घ्या. याचा मूळ अर्थ मक्ता. दारूविक्रीचा मक्ता दिला जाई, म्हणून दारूचं दुकानच गुत्ता झालं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा केला. दारूचा महसूल सरकारच्या तिजोरीत, बदनामी कलालाची आणि उपाशी पोरं पिणाऱ्याच्या घरी!

ही फार लांबची गोष्ट नाही. जून २०१५ मध्ये आपल्याच उपनगरात, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. बहुतेक कष्टकरी. मद्य आणि विष, वर्ज्य व्यापारांतले हे दोन्ही तिथे एकाच पिशवीत विकले गेले.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळूया. आणि कलाल हा शब्द ऐकला की कुणाच्या आडनावाकडे पाहू नका, आपल्या गल्लीतल्या हातभट्टीकडे पहा. तिथे पोरांना कामाला लावू नका, घरातली जागा त्या धंद्याला देऊ नका. सम्यक आजीविका तिथूनच सुरू होते.

नमो बुद्धाय! जय भीम!