आधी इन्स्टॉल करून या : एका सूचनापत्राची कुळकथा

संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिक कार्यशाळेपूर्वी सहभागींना जे सूचनापत्र पाठवले जाते, त्याचा मजकूर कार्यशाळा कोठेही असो, फारसा बदलत नाही. प्रथम ‘आर’ ही संगणकभाषा उतरवून घ्यावी, नंतर ‘आरस्टुडिओ’, त्यानंतर अमुक अमुक पॅकेजे, आणि हे सारे घरूनच करून यावे, असे त्यात सांगितलेले असते. आरस्टुडिओच्या आधी आर का, ‘मिरर’ निवडण्याचा प्रश्न कशासाठी आणि संकलनाविषयी विचारणा झाली की ‘नाही’ असेच उत्तर का द्यायचे, याचा खुलासा मात्र सूचनापत्र करत नाही. तो खुलासा गेल्या पन्नास वर्षांत कोणी, कोठे आणि कोणत्या अडचणीपोटी काय ठरवले, यात सापडतो.

संख्याशास्त्राचा अभ्यासक स्वतःच आज्ञावली बसवून घेईल, ही कल्पना 1960च्या दशकात कोणाला सुचण्याजोगी नव्हती. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्फ्रिड डिक्सन यांच्या पुढाकाराने वैद्यकीय संशोधकांसाठी तयार झालेला ‘बीएमडी’ हा संच असो, 1968 साली स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आरंभलेले ‘एसपीएसएस’ असो की नॉर्थ कॅरोलायनातील ‘सॅस’ असो, या आज्ञावल्या चुंबकीय फितींवरून संगणक केंद्रात येत आणि तेथील कर्मचारी त्या मोठ्या यंत्रावर चढवत. संशोधकाने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा केंद्रात द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील निकाल घेऊन जायचे, अशी रीत होती. यंत्रावर काय बसवलेले आहे याची चौकशी करण्याचे त्याला कारणही नव्हते आणि तसा अधिकारही नव्हता.

आरची थेट पूर्वज असलेली ‘एस’ ही भाषा 1976 साली न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत आकाराला येऊ लागली. तेथील संख्याशास्त्रज्ञांकडे फोरट्रान भाषेतील उपकार्यक्रमांचा मोठा संग्रह होता, परंतु एखादी लहानशी शंका तपासायची असली तरी स्वतंत्र कार्यक्रम लिहावा लागे. जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी भाषा हवी होती की जिच्यात एक ओळ लिहिली की तिचे उत्तर लगेच समोर येईल आणि ते पाहून पुढची ओळ ठरवता येईल. पहिले रूप हनीवेल कंपनीच्या यंत्रावर चालले. नंतर ते त्याच प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीवर आणले गेले. युनिक्स अनेक बनावटीच्या यंत्रांवर चालत असल्याने एसलाही घराबाहेर पडता आले, आणि 1980च्या दशकात तिची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला व माणसाला वाचता येणारा मजकूर, बाहेरील संस्थांना मिळू लागली. यंत्राला हा मजकूर थेट कळत नाही; संकलक, अर्थात कंपायलर, नावाच्या कार्यक्रमाकडून तो त्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवून घ्यावा लागतो. आज्ञावली मूळ संहितेच्या रूपाने प्रवास करते आणि मुक्कामी पोहोचल्यावर संकलित होते, ही युनिक्सच्या जगातली रूढी आरच्या अंगात इतकी मुरलेली आहे की विंडोजवाल्यांना तिचा त्रास आजही होतो. पुढे 1988 साली सिअ‍ॅटल येथील एका कंपनीने ‘एस-प्लस’ या नावाने एसचे व्यापारी रूप बाजारात आणले. ते उत्तम होते, पण परवाना विकत घ्यावा लागे, आणि परवान्याच्या आज्ञावलीवर ‘घरी बसवून या’ असे कोणत्याही शिक्षकाला सांगता येत नाही.

ती अडचण न्यूझीलंडमध्ये सुटली. ऑकलंड विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी मॅकिंटॉश संगणकांची प्रयोगशाळा होती आणि त्या यंत्रांवर चालेल अशी समाधानकारक आज्ञावली बाजारात दिसत नव्हती. इहाका यांना ‘स्कीम’ या लहान, नेटक्या संगणकभाषेची ओळख झालेली होती; त्या धर्तीवर सी भाषेतील सुमारे हजार ओळींचा एक अर्थनिर्वाहक, म्हणजे लिहिलेली ओळ तत्काळ वाचून अमलात आणणारा कार्यक्रम, त्यांनी रचला आणि त्याला वरून एसचा पेहराव चढवला. दोघांच्या नावांचे आद्याक्षर आणि एसशी असलेले नाते यांवरून ‘आर’ हे नाव पडले. 1993 साली तिच्या प्रती इतरांसाठी खुल्या झाल्या, तरी ती विद्यापीठाच्या एका विभागाचे शिकवण्याचे साधनच होती. झुरिच येथील मार्टिन मेखलर यांनी या दोघांची समजूत घातल्यामुळे जून 1995 मध्ये आरची मूळ संहिता जीपीएल या परवान्याखाली मुक्त झाली. ती कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, मात्र वाटताना पुढच्यालाही तीच मुभा द्यावी, असा या परवान्याचा गाभा आहे. कार्यशाळेच्या सूचनापत्राचा जन्म खऱ्या अर्थाने या निर्णयात आहे, कारण दोनशे अनोळखी माणसांना एखादी आज्ञावली निःसंकोचपणे ‘उतरवून घ्या’ असे सांगण्याची कायदेशीर सोय त्याने झाली.

परवानगी मिळाली तरी वस्तू मिळण्याचे ठिकाण ठरायचे होते. ते व्हिएन्नाने पुरवले. तेथील तंत्र विद्यापीठातील कुर्ट हॉर्निक आणि फ्रीडरिश लाइश यांनी आरसाठी एक सार्वत्रिक भांडार उभारले आणि 23 एप्रिल 1997 रोजी ‘क्रॅन’ या नावाने ते जाहीर केले. नावाचा आणि रचनेचा नमुना टेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीसाठी व पर्ल या भाषेसाठी आधीपासून चालू असलेल्या भांडारांचा होता. आरंभी क्रॅनवर 12 पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे एखाद्या विशिष्ट कामासाठी कोणी तरी लिहिलेल्या कार्यांचा, त्यांच्या माहितीपत्रकांसह बांधलेला संच. त्या काळी महासागरापलीकडून काही मेगाबाइट उतरवणे हे तासांचे काम असल्याने भांडाराच्या हुबेहूब प्रती वेगवेगळ्या देशांत ठेवल्या गेल्या, आणि मूळ भांडाराचे प्रतिबिंब म्हणून त्यांना ‘मिरर’ म्हटले गेले. ‘मिरर निवडा’ हा नवशिक्याला गोंधळात टाकणारा प्रश्न त्या मंद तारांचा वारसा आहे. आता जवळच्या केंद्राकडे आपोआप वळवणारा एकच पत्ता उपलब्ध असल्याने बहुतेकांना निवड करावी लागत नाही.

भांडाराचे खरे वैशिष्ट्य मात्र मिररमध्ये शोधू नये. ते तेथील तपासणीत आहे. क्रॅनवर येणारे पॅकेज वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर बांधून, त्यातील उदाहरणे चालवून पाहिली जातात, आणि जे पुढे नापास होऊ लागते ते लेखकाने दुरुस्त न केल्यास बाजूला काढले जाते. या कडकपणाबद्दल पॅकेजलेखक अधूनमधून कुरकुर करतात. तरीही संख्या 20,000च्या पुढे गेल्यावरही एका ओळीच्या आज्ञेने हवे ते पॅकेज, त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, मुकाट्याने येऊन बसते, याचे श्रेय त्याच कडकपणाला द्यावे लागेल. विंडोज आणि मॅक यांवर सहसा संकलक नसतो, म्हणून या दोघांसाठी क्रॅन पॅकेजे आधीच संकलित करून ठेवते. नवी आवृत्ती मूळ संहितेच्या रूपात आलेली आणि तिचे संकलित रूप अद्याप तयार व्हायचे असे मधले काही दिवस असतात. नेमक्या तेव्हा कोणी पॅकेज मागवले तर ‘मूळ संहितेवरून बसवायचे का’ असा प्रश्न पडद्यावर येतो. ‘नाही’ म्हटले की किंचित जुनी पण तयार आवृत्ती मिळते. ‘होय’ म्हणणाऱ्याला विंडोजवर ‘आरटूल्स’ हा संकलकांचा वेगळा संच लागतो, आणि तो नसेल तर लाल अक्षरांची मालिका सुरू होते. सूचनापत्रातील ती एक ओळ एवढ्यासाठी असते.

पॅकेजे कोठे ठेवायची, हाही असाच एक जुना वाद आहे. बहुवापरकर्त्यांच्या यंत्रावर मुख्य संग्रहात लिहिण्याचा अधिकार केवळ व्यवस्थापकाला असे, म्हणून आर सामान्य वापरकर्त्याला त्याचा वैयक्तिक संग्रह निर्माण करू का असे विचारते; लॅपटॉपवर मालक आणि व्यवस्थापक एकच असला तरी प्रश्न टिकून राहिला. हा संग्रह आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांशी बांधलेला असतो. सध्याच्या रिवाजानुसार दरवर्षी एप्रिलच्या सुमारास नवी मुख्य आवृत्ती येते आणि तिच्याबरोबर रिकामा संग्रह, त्यामुळे मे महिन्यातील कार्यशाळेला मार्चमध्ये सगळी तयारी करून बसलेला उत्साही सहभागी आर अद्ययावत करतो आणि त्याची पॅकेजे दिसेनाशी होतात.

आरस्टुडिओ हा या कुळातला दत्तक वारस म्हणता येईल. जेजे अलेअर यांच्या कंपनीने फेब्रुवारी 2011 मध्ये तो प्रसिद्ध केला. संहिता लिहिण्याची जागा, ती चालवण्याची जागा, आलेख आणि फायली एका खिडकीत आणणारे ते संपादनसाधन आहे, प्रत्यक्ष गणित मात्र आरच करते. दोन वस्तू दोन वेगळ्या घरांतून येत असल्याने दोन वेळा उतरवाव्या लागतात, आणि आर न सापडल्यास आरस्टुडिओ सुरू होण्यास नकार देतो. कंपनीने 2022 साली ‘पॉझिट’ हे नाव घेतले. साधनाचे नाव राहिले.

आता प्रश्न उरतो तो ‘घरून करून या’ या आग्रहाचा. शिकणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर शिकवण्याची पद्धत रुजवण्यात ‘सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री’ या उपक्रमाचा मोठा वाटा आहे. ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी तो 1998 साली लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील वैज्ञानिकांसाठी सुरू केला, आणि पुढे दोन दिवसांच्या कार्यशाळांच्या रूपाने तो अनेक देशांत पसरला. शिक्षक पडद्यावर एकेक ओळ लिहितो, शिकणारे बरोबरीने लिहितात, आणि कोणी अडले तर लॅपटॉपला ठरलेल्या रंगाचा चिकट कागद लावतो म्हणजे मदतनीस त्याच्याकडे जातो. ही पद्धत सर्वांची यंत्रे पहिल्या मिनिटाला सज्ज असतील तरच चालते. दोन दिवसांतील पहिले दोन तास आज्ञावली बसवण्यात गेले तर अभ्यासक्रमाचा लक्षणीय हिस्सा बुडतो, आणि सभागृहातील एकाच वायफायवरून सगळ्यांनी एकाच वेळी शेकडो मेगाबाइट उतरवू लागणे हे तर न बोललेलेच बरे.

महाराष्ट्रात आरचा प्रसार मुख्यतः महाविद्यालयीन संख्याशास्त्रामार्फत झाला, आणि परवानाशुल्क नसणे हे त्याचे उघड कारण होते. पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचे आरच्या साहाय्याने संख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पाठ्यपुस्तक 2008 साली निघाले. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पानेही मुक्त आज्ञावल्यांच्या प्रसारात आरला स्थान दिले. मराठी वापरकर्त्याला मात्र एक खास अडचण दीर्घकाळ सोसावी लागली. विंडोजवर आर जी अक्षरसंकेतपद्धती वापरत असे, ती यंत्राच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून होती आणि तिच्यात देवनागरीला जागा नव्हती. परिणामी वापरकर्त्याचे नाव किंवा फोल्डरचे नाव मराठीत असले की पॅकेजांचा मार्ग आरला सापडत नसे, आणि तक्त्यातील गावांची नावे विचित्र संकेतांच्या रूपात उमटत. एप्रिल 2022 मधील 4.2.0 या आवृत्तीने विंडोज 10च्या अलीकडील रूपांवर यूटीएफ-8 ही सर्व लिप्यांना सामावणारी पद्धती मूळ म्हणून स्वीकारली, तेव्हा हा प्रश्न बराचसा मिटला. त्याआधीच्या आवृत्त्या जेथे बसवलेल्या आहेत तेथे ‘फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत व मोकळी जागा न सोडता लिहावे’ ही सूचना आजही पाळावी लागते.

अलीकडे ब्राउझरच्या आत चालणारे ‘वेबआर’ आणि दूरच्या सर्व्हरवर चालणारी आरस्टुडिओची आवृत्ती यांमुळे काहीही न बसवता कार्यशाळा घेणे शक्य झाले आहे, आणि तासाभराच्या ओळखसत्रासाठी तेच शहाणपणाचे आहे. परंतु दूरच्या सर्व्हरला अखंड जोडणी लागते, वेबआरसाठी पॅकेजे नव्याने संकलित करावी लागतात, आणि कार्यशाळा संपल्यावर सहभागीला स्वतःच्या शेकडो फायलींवर काम करायचे असते. स्वतःच्या यंत्रावर शिकवण्यामागे कार्पेन्ट्रीवाल्यांचाही हाच हिशेब आहे की तिसऱ्या दिवशी, मदतनीस नसताना, ज्या लॅपटॉपवर काम करायचे त्यावर सारे आधीच चालू झालेले असावे.