पाचवीची रात्र

मूल जन्माला आलं की आपल्याकडच्या बायका दिवस मोजायला लागतात. पाचवी, सहावी, दहावा, मग सव्वा महिना. नावसुद्धा लगेच ठेवायचं नाही, बारसं बाराव्याला. लहानपणी मला वाटायचं, पाळणा सजवायला तेवढा वेळ लागत असणार!

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, लग्नानंतर अकरा वर्षांनी. घरात सध्या अळीव, डिंक आणि बाळंतशेपा यांचं राज्य आहे. पाचवीला आईने पाटा-वरवंटा मांडून हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं (सटवाईला हल्ली बॉलपेन चालतं). रात्रभर कुणीतरी जागं राहायचं. दोन ते चार माझी पाळी होती. ती झोपलेली, मूठ मिटलेली, आणि मी दर पाच मिनिटांनी तिचा श्वास चालू आहे ना ते बघत बसलो. तेव्हा डोक्यात आलं, जागायचं ते पाचवी-सहावीलाच का?

याचं एक उत्तर मला धनुर्वातात दिसतं. पूर्वी नाळ विळ्याने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. त्यातून जंतू शिरला की पहिले दोन-तीन दिवस बाळ अगदी छान दिसतं. मग साधारण आठवड्याच्या आसपास अंगावर ओढणं बंद होतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. ज्या बायकांनी हे पुन्हापुन्हा पाहिलं त्यांनी पाचवीला देवी बसवली, हा आपला माझा तर्क. संकट 'पाचवीला पुजलेलं' असतं असं आपण सहज म्हणतो, पण त्या म्हणीच्या पोटात केवढी धास्ती आहे!

आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. म्हणजे बारशाच्या दोन दिवस आधीच गेला. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या हे आपण शाळेत शिकतो. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळवताना त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या गेल्या. बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टर म्हणून शिरायचं राहूनच गेलं.

त्या खोलीत पुढे शिरल्या त्या गडचिरोलीतल्या गावच्याच बायका. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं. एवढ्याशा जिवाला गावातल्या बाईने सुई टोचायची! पण तिसऱ्या वर्षी, शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता, नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

धनुर्वाताचं म्हणाल तर गरोदरपणातली इंजेक्शनं आणि स्वच्छ ब्लेड यांनी त्याला बराच मागे रेटला. २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे हं. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी.

आणि गडचिरोलीच्या धड्यावरून २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी जायला लागल्या. त्यांचेही दिवस ठरलेले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, म्हणजे आपला सव्वा महिना नि वर थोडं. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हात धुवायचे, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, नाळ कोरडी आहे ना आणि बाळ नीट दूध ओढतंय ना ते बघायचं, आणि फॉर्मवर लिहून ठेवायचं.